न मढवलेला मृदंग

डोंगरकड्याच्या थांब्यावर तुम्ही नांदेडच्या एसटीची वाट बघत उभे आहात. इसापूर धरणाच्या पाण्याने या शिवाराला केळी दिली; समोर एक ट्रक घडांनी भरतोय आणि हमाल थरांच्या मधे वाळलेला पाला कोंबतायत. तुमच्या कानात मात्र स्टीव्ही वंडर गातोय. ‘सर ड्यूक’, 1976च्या ‘साँग्ज इन द की ऑफ लाइफ’मधलं गाणं. ट्रम्पेट-सॅक्सोफोनची एकदम उधळलेली तान, खाली बेसचा उड्या मारणारा ठेका. फंक म्हणतात तो हाच. मधेच गायक नावं घ्यायला लागतो. बेसी, मिलर, सॅचमो, एला आणि या सगळ्यांचा राजा ड्यूक. ही कोण मंडळी? तुम्ही फोनवर शोधता. काउंट बेसी हा पियानो वाजवणारा, स्वतःचा वाद्यवृंद असलेला. ग्लेन मिलर 1944च्या डिसेंबरात इंग्लिश खाडीवरून विमानाने जाताना बेपत्ता झाला. सॅचमो म्हणजे लुई आर्मस्ट्राँग, एला म्हणजे एला फिट्झजेराल्ड. ड्यूक एलिंग्टन 1974मध्ये वारला आणि दोनच वर्षांनी हे गाणं आलं, त्याचा गौरव करणारं. बस यायच्या आत कोडं सुटलं.

संध्याकाळी नांदेडात मात्र असं गाणं कानावर पडणार आहे, ज्यातला उल्लेख फोनवर सापडतो आणि तरी उलगडत नाही.

सचखंड हुजूर साहिब. 1708मध्ये गुरू गोविंदसिंगांनी इथे देह ठेवला आणि ग्रंथालाच गुरूची जागा दिली. डोकं झाकून तुम्ही मांडी घालून बसता. रागी सोरठ धरतात. शब्द अर्धे कळतात, अर्धे नाही, आणि पदाच्या शेवटी नाव येतं नाम्याचं. आपला नामदेव. तुमच्याच जिल्ह्यातल्या, कयाधूकाठच्या नर्सीचा. ग्रंथसाहिबात त्याची 61 पदं आहेत, 18 रागांत वाटलेली, आणि त्यातलं हे एक. त्यात तो सांगतो की न मढवलेलं मंदल वाजतं आहे. श्रावण नसताना मेघ गर्जतो आहे. ढग नसताना पाऊस पडतो आहे. मंदल म्हणजे मर्दल, आपल्या मृदंगाच्याच घरातलं वाद्य. कातड्याशिवाय ते वाजणार कसं?

शेजारी बसलेले सरदारजी एका शब्दात उत्तर देतात: अनहद. योग्याला आत ऐकू येणारा नाद. उत्तर चुकीचं नाही, पण पुरेसं वाटत नाही. अनाहत म्हणजे आघाताविना उमटणारा नाद. नामदेवाने इथे आघात काढलेला नाही, कातडं काढलं आहे. आणि अनाहत हा शब्द त्याला माहीत नव्हता असंही नाही. याच सोरठात, याच्या आधीच्या एका पदात त्याने तो सरळ वापरला आहे. म्हणजे हातात तयार शब्द होता आणि तरी तो मृदंगाकडे वळला, तेही उघड्या तोंडाच्या. कीर्तनात ज्याची हयात गेली, त्याने वाद्याचं नाव सहज घेतलं असेल यावर माझा विश्वास बसत नाही. तुमचाही बसू नये.

रात्रीच्या गाडीने तुम्ही डोंगरकड्याला परतता. गावात सप्ता बसला आहे. हरिपाठ नुकताच संपलाय आणि मृदंग वाजवणारे महाराज धुम्यावरची ओली कणीक खरवडून काढतायत. तुम्ही विचारता तेव्हा ते हसत नाहीत. घरी नेतात. माळ्यावरून एक खोड काढतात: शिसवाचं, आतून कोरलेलं, मधे फुगीर, दोन्ही टोकांना निमुळतं, दोन्ही तोंडं उघडी. पुडी नाही, वादी नाही, गट्टे नाहीत. मढवायला न्यायचं राहून गेलेला मृदंग.

“कान लावा,” महाराज म्हणतात.

तुम्ही लावता. आधी काहीच नाही. मग जाणवतं की काहीच नाही असं नाही. मांडवातला लाउडस्पीकर, रस्त्यावरून गेलेला ट्रक, ओट्यावर कुणी तरी खाकरलं ते, सगळं त्या लाकडाच्या पोटात शिरून एकच हुंकार होऊन बाहेर येतंय.

“हे नेहमीच चालू असतं,” महाराज सांगतात. “पुडी चढवली की आपल्याला निस्ती थाप ऐकू येती. खोडाचं कोण ऐकायलंय?”

इथून पुढचा प्रवास बसने होत नाही.

अमृतसर, रामसर, साल 1604. तळ्याकाठी सावली आहे. गुरू अर्जनदेव सांगतायत आणि भाई गुरदास बोरूने लिहितायत. पानं वाळत घातली आहेत. नामदेव जाऊन अडीचशे वर्षं झाली, पण तो इथे नुसत्या पोथीतून आलेला नाही. वीस वर्षं पंजाबात, घुमानच्या आसपास राहून तो लोकांच्या गळ्यात उतरला आणि गळ्यांतून इथवर आला. तुम्ही गुरदासांच्या पाठीमागे उभे राहता आणि पहिली गोष्ट लक्षात येते ती मांडणीची. हा ग्रंथ विषयवार लावलेला नाही, रागवार लावलेला आहे. कुठलं पद कोणत्या रागात गायचं ते ठरलेलं आहे, आणि पद सापडतं ते रागाच्या घरात. ज्यांनी हा ग्रंथ बांधला त्यांना शब्द आणि सूर वेगळे काढायचेच नव्हते. तेव्हा मंदलाचा उल्लेखही गाण्याच्या माणसांनी गाण्याच्या माणसाचा म्हणूनच जपला, असं समजायला हरकत नाही.

दुसरी गोष्ट पान उलटल्यावर दिसते. सोरठात गुरूंच्या वाणीनंतर कबीर येतो, कबीरानंतर नामदेव, आणि नामदेवाच्या या शेवटच्या पदाला लागून कोण? रविदास. बनारसचा, चामड्याचं काम करणारा. त्याच सोरठात थोडं पुढे तो स्वतःच्या धंद्याविषयी बोलतो, लोक जोडे सांधून मागतात ते सांगतो. न मढवलेल्या मृदंगाच्या पाठोपाठ चामडं ओळखणारा माणूस. असं मुद्दाम ठरवून केलं असं मी म्हणत नाही. इतर रागांतही भक्तांचा क्रम साधारण असाच लागतो. पण तुम्ही त्या दोन नावांच्या मधल्या कोऱ्या जागेवर बोट ठेवून उभे राहता, आणि कातड्याचा प्रश्न आता जास्तच टोचू लागतो.

मग आणखी मागे. देवगिरी, यादव सिंघणाचं राज्य, म्हणजे 1210 ते 1247मधलं कुठलंही वर्ष धरा. किल्ल्याखालच्या कचेरीत जमाखर्चाच्या वह्या बघणारा एक बडा अधिकारी बसला आहे. नाव शार्ङ्गदेव. आजोबा काश्मीरहून दक्षिणेत आले, वडील याच दरबारात चाकरीला होते. दिवसा राज्याचा हिशेब, आणि उरलेल्या वेळात ‘संगीतरत्नाकर’. सात अध्यायांचा हा ग्रंथ पुढे हिंदुस्थानी आणि कर्नाटक, दोन्ही संगीतांचे पंडित आपला मानणार आहेत, आणि तो लिहिला जातोय मराठी मुलखात, नर्सीला नामदेव जन्मायच्या काही वर्षं आधी. शाळेत आम्हाला हेमाडपंतांची देवळं शिकवली, शार्ङ्गदेव नाही शिकवला. शिकवायला हवा होता.

तुम्ही त्याच्या खांद्यावरून वाचता. सुरुवातीच्याच अध्यायात त्याने नादाचे दोन भाग पाडलेत: आहत आणि अनाहत. अनाहताची उपासना मुनी गुरूने दाखवलेल्या वाटेने करतात, असं तो म्हणतो, आणि लगेच हिशेबनिसाच्या काटेकोरपणाने जोडतो की हा नाद मुक्ती देतो, पण रंजन करत नाही. म्हणून त्याला तिथेच नमस्कार करून तो आहताकडे, म्हणजे माणसांच्या गाण्याबजावण्याकडे वळतो. सहावा अध्याय वाद्यांचा. तार असलेली तत, फुंकायची सुषिर, धातूची घन, आणि कातड्याने मढवलेली अवनद्ध. मर्दल या शेवटच्या कप्प्यात बसतं. मढवलेलं असणं हीच त्या कप्प्याची व्याख्या आहे. तेव्हा न मढवलेलं मंदल हे चारांपैकी कुठल्याच रकान्यात भरता येणार नाही. शार्ङ्गदेवाने ज्या दोन गोष्टी दोन अध्यायांत नीट वेगळ्या ठेवल्या, मुनींचा नाद एकीकडे आणि लोकांचा मृदंग दुसरीकडे, त्या नामदेवाने एकाच उद्गारात एकमेकांत घातल्या. मुक्ती देणारा नाद त्याला रंजन करणाऱ्या वाद्यातूनच हवा आहे. वारकऱ्याला दुसरं काय हवं असतं?

आणि मेघ? त्याचाही धागा जुन्या शास्त्रात सापडतो. भरताच्या नाट्यशास्त्रात मृदंगाच्या जन्माची गोष्ट आहे. स्वाती नावाचे मुनी तळ्यावर पाणी आणायला गेले, तेवढ्यात पावसाची झड आली. कमळाच्या लहान, मध्यम, मोठ्या पानांवर थेंब पडले आणि प्रत्येकाचा आवाज वेगळा निघाला. तो मनात धरून स्वातींनी पुष्कर आणि मृदंग घडवले. आधी पाऊस, मग पानावरचा आवाज, मग कातड्यावरचा आवाज. आता नामदेवाचं पद पुन्हा आठवा. कातडं नाही, तरी मृदंग आहे. श्रावण नाही, तरी गर्जना आहे. ढग नाही, तरी पाऊस आहे. मृदंगाच्या जन्माची ती गोष्ट तो उलट्या पावलांनी चालत गेला आहे, एकेक कारण काढून टाकत, आणि प्रत्येक वेळी आवाज शिल्लक राहतो. नर्सीच्या शिंप्याच्या पोराने नाट्यशास्त्र वाचलं असेल असं नव्हे. मृदंग आणि मेघ यांची जोडी इथल्या प्रत्येक पखवाजियाच्या हातात असते, ती शिकायला पोथी लागत नाही. आणि पावसाविना गेलेला श्रावण कसा असतो, हे मराठवाड्यातल्या माणसाला कुणी समजावून सांगायला नको. ढगांशिवाय पाऊस मागणं ही इथे कविकल्पना नसते.

आता तुम्हाला नामदेवाच्या मागोमाग चालायचं आहे. तेरावं शतक सरत आलंय. डोंगरकड्याच्या माळावरून पश्चिमेला निघा, औंढ्याच्या दिशेने. केळीच्या बागा नाहीत, कालवा नाही. ज्वारी, तूर, तीळ, जवस. वाटेत कुणी भाकरीवर जवसाची चटणी ठेवली तर ती लाल नसेल. मिरची या मुलखात यायला अजून काही पिढ्या जायच्या आहेत. पुढे चालणारा तरुण मान खाली घालून चालतोय. परंपरा सांगते की संतांच्या मेळ्यात गोरोबाकाकांनी थापटणं घेतलं आणि मडकी पारखावी तशी एकेकाच्या डोक्यावर मारलं. बाकीचे गप्प बसले, नामदेव कळवळला, आणि हे मडकं कच्चं आहे असा निवाडा झाला. तो विठ्ठलाशी बोलणारा, विठ्ठल त्याच्या हातचं जेवणारा, आणि थाप पडल्यावर त्याचाच आवाज बद्द निघाला. आघाताने त्याची परीक्षा झाली आणि तो नापास झाला, हे ध्यानात असू द्या.

औंढा नागनाथ. काळ्या दगडाचं यादवकाळचं देऊळ. गाभारा खाली, अरुंद पायऱ्या उतरून, इतका बुटका की वाकूनच जावं लागतं. तिथे म्हातारे विसोबा खेचर, त्याचे होणारे गुरू, पिंडीवर पाय ठेवून पडलेत. नामदेव संतापतो. ते म्हणतात, मला हलवत नाही, तूच माझे पाय देव नसेल तिकडे ठेव. तो पाय उचलून ठेवील तिथे पिंड दिसू लागते. ही कथा तुम्ही लहानपणापासून ऐकली आहे, पण आता या दगडी पोकळीत उभं राहून ऐकताना तुमचं लक्ष आवाजाकडे जातं. कुणी काही ठोकत नाही, तरी श्वासाचासुद्धा घुमारा होतोय. महाराजांनी माळ्यावरून काढलेल्या खोडात कान घातल्यासारखा. सोरठातलं ते पद पुढे काय सांगतं ते आता जुळवून बघा: परिसाला लागून सोनं झालं, गुरूला विचारलं आणि मन पटलं, कुंभ पाण्यात सामावला. कच्चं ठरलेलं मडकं पाण्यात गेलं. मला हे पद औंढ्याच्या वाटेवरचं वाटतं, मग ते तोंडातून पंजाबात निघालं असलं तरी.

पण कातड्याचं काय, हा प्रश्न अजून तसाच आहे.

त्यासाठी गाभाऱ्यातून वर या आणि देवळाच्या मागे जा. ग्रंथसाहिबातल्या भैरव रागातल्या पदात नामदेव स्वतःच सांगतो की हसतखेळत देवळात आला असता, भक्ती करत असतानाच, हीन जातीचा म्हणून त्याला धरून उठवलं. त्याने कांबळं उचललं आणि देवळामागे जाऊन बसला. देऊळ त्याच्याकडे फिरलं. औंढ्याचे लोक ही हकिगत आपल्याच देवळाची म्हणून सांगतात. फिरलेलं देऊळ सगळ्यांच्या लक्षात राहिलं. मला ते कांबळं उचलणं जास्त मोठं वाटतं. भांडण नाही, विनवणी नाही. गाणं बरोबर घेऊन तो मागे गेला.

देवळामागून ऐकू येतं ते सगळं जरा वेगळं असतं. आत मृदंग वाजतोय. त्यावरचं कातडं बकऱ्याचं. ते ज्याने सोललं, कमावलं, ताणलं, तो माणूस आत नाही. त्याच्या हातचं कातडं देवासमोर चालतं, हात चालत नाही. शिंपी असलेल्या नामदेवाला दोरा आणि टाका कळत होता. कशावर काय शिवून चढवलंय आणि ते कुणी चढवलंय, हे त्याच्या नजरेतून सुटलं नसेल. म्हणून माझ्या मनाने घेतलं आहे की हा न मढवलेला मृदंग योगशास्त्रातून जितका आला, तितकाच देवळाच्या मागच्या बाजूने आला. ज्याला मढवावं लागतं त्या मृदंगाला आत आणि बाहेर असतं. ज्याला मढवावंच लागत नाही, त्याच्यासाठी कुणाला दाराशी ताटकळावं लागत नाही, आणि कुणाला उठवताही येत नाही. पंडित याला माझी ओढाताण म्हणू शकतील. पण पुढचा मुक्काम बघा आणि मग म्हणा.

मंगळवेढा, 1338. गावकुसाची भिंत बांधताना ती कोसळली आणि वेठीला धरलेली माणसं खाली गेली. त्यात चोखोबा होता. नामदेवाच्याच मेळ्यातला, अभंग रचणारा, विठ्ठलाच्या देवळाबाहेर उभं राहून विठ्ठलाला बघणारा महार. नामदेव पंढरपुराहून येऊन पोहोचतो तेव्हा दगडमातीखाली हाडंच उरली आहेत, अनेकांची, एकमेकांत मिसळलेली. कुणाचं कोणतं हे सांगणार कोण? परंपरा सांगते की नामदेव वाकतो आणि एकेक हाड उचलून कानाला लावतो.

तुम्ही त्याच्या शेजारी उकिडवे बसता. तो एक हाड कानाशी धरतो आणि खाली ठेवतो. दुसरं. तिसरं. मग एकाशी थांबतो. त्यातून विठ्ठलाचं नाव येतंय. तो ते बाजूला काढून ठेवतो आणि पुढचं उचलतो. उन्हाने दगड तापलेत, धूळ घशात जातेय, आणि हा साठी उलटलेला माणूस घाई करत नाही. आता तुमच्यासमोर सोरठातलं ते मंदल पडलं आहे. कातडं गेलं आहे. थाप देणारा हात नाही. नाद आहे, आणि तो ऐकू येतोय फक्त त्याला, जो कान लावायला एवढ्या लांब चालत आला.

नामदेव ती हाडं घेऊन पंढरपूरला येतो आणि महाद्वारासमोर समाधी बांधतो, आत नाही, बाहेर, जिथपर्यंत चोखोबाला येऊ देत होते तिथेच. तुम्ही त्या जागी उभे राहता आणि वर्षं सरू देता. 1350मध्ये नामदेव स्वतः त्याच दाराच्या पायरीत उतरतो, येणाऱ्याजाणाऱ्याची पायधूळ लागावी म्हणून. टाळमृदंग रोज वाजत राहतात, आषाढीमागून आषाढ्या जातात, सुलतान, आदिलशाही, पेशवे, इंग्रज येतात. 1947च्या मे महिन्यात साने गुरुजी उपोषणाला बसतात, आणि चोखोबाची माणसं ती पायरी ओलांडून आत जातात.